वहीत लिहिलंय म्हणजे घरात शिजलं का?

खलबत्ता: इंग्लंडमधल्या १८व्या शतकातल्या घरगुती पाककृतींच्या हस्तलिखित वह्या लंडनच्या वेलकम कलेक्शन या संग्रहालयाने ऑनलाइन टाकल्यात, महिनाभर रोज रात्री त्याच वाचत बसते. माझं मत आता पक्कं झालंय, त्या काळी घरात काय शिजायचं ते कळायला छापील पुस्तकांपेक्षा या वह्याच खऱ्या. हॅना ग्लास या इंग्लिश बाईचं १७४७ चं छापील पाककृतींचं पुस्तक एवढं गाजलं, पण त्यातलं कितीतरी आधीच्या पुस्तकांतून उचललेलं. वहीत बघा, एकीकडून लोणची, केक, पुडिंग आणि वही उलटी करून मागून उघडली की खोकल्याची, तापाची औषधं, मधेच अक्षर बदलतं म्हणजे वही पुढच्या पिढीकडे गेली, पाककृतीला ओळखीतल्या बाईचं नाव, औषधापुढे लॅटिनमध्ये 'प्रोबाटुम एस्ट', म्हणजे करून पाहिलंय, गुण येतो.

उलथनं: मला नाही पटत. आपणही ढीगभर रेसिप्या उतरवून ठेवतो, करतो किती? अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची बायको मार्था, तिची वहीच घ्या ना. १७४९ पासून तिच्याकडे होती, १७९९ ला तिने नातीला दिली, पण आतल्या पाककृती जाणकारांच्या मते १७व्या शतकातल्या. आणि तिच्या घरी रांधणारा हर्क्युलिस गुलाम होता, १७९७ मध्ये पळून गेला. त्याचा एक शब्द नाही त्या वहीत.

खलबत्ता: गुलामांचं मान्य, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण मार्थाची वही वारसा म्हणून जपलेली, रोजच्या वापरातली वही वेगळी दिसते हो! पानावर तेलकट डाग, एखादी पाककृती आडवी काट मारून रद्द, समासात साखरेचं माप बदललेलं. न करता कोण माप बदलेल?

उलथनं: माप बदललं मालकिणीने, चुलीपुढे कोण होतं? या वह्यांत भट्टी किती तापवायची ते आकड्यात नसतंच, तापमापक नव्हता, नुसतं 'जलद भट्टीत भाजा'. जलद म्हणजे किती तापलेली हे हात आत घालून ओळखायचं, आणि ते बहुतेक ठिकाणी मोलकरणीला नाहीतर गुलाम बाईला ठाऊक. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात हॅरियट हॉरीने १७७० ला वही सुरू केली, घर भाताच्या मळ्यावरचं, राबणारे सगळे गुलाम. वहीवर नाव मात्र तिचं एकटीचं. मग 'घरात काय शिजायचं' म्हणताना आधी सांगा, कोणाच्या पानात?