डॉलरचा चेक पुण्यात कुठे भरायचा?

कोथरूडकर: अमेरिकेतल्या जुन्या कंपनीने २१२ डॉलरचा चेक टपालाने धाडलाय. तीन बँका फिरलो. एका ठिकाणी काउंटरवरच्या मॅडमनी तो नोटेसारखा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, आम्ही हे बंद केलं."

आळशी अकाउंटंट: मोठ्या शाखेच्या फॉरेक्स (परकीय चलन) विभागात विचारा, 'कलेक्शनला घेता का?' चेक तिकडे वटल्यावरच रुपये जमा होतात, आठवडे लागतात. दोन्हीकडच्या बँका कमिशन कापतात, वर जीएसटी. २१२ मध्ये काय उरणार!

न्यूजर्सीची मावशी: आधी तारीख बघा. सहा महिने उलटले की इथली बँक नाकारू शकते. कंपनीलाच सांगा, चेक रद्द करून पैसे थेट खात्यात वायर करा.

कोथरूडकर: अरे देवा, पाच महिने झालेत! मेल टाकतो.