मदत हवी आहे: निबंधाचे प्रकार मुलांना कसे शिकवावेत? (तातडीचे)

पाटीपेन्सिल
नमस्कार. मुलांना निबंधाचे मुख्य प्रकार शिकवायचे आहेत. वर्णनात्मक, आत्मकथन, कल्पनाप्रधान आणि वैचारिक. चार तास मिळाले होते, त्यातला एक काल संपला. व्याख्या फळ्यावर लिहिल्या, मुलांनी उतरवून घेतल्या, पाठही केल्या. मग प्रत्येक प्रकारचा एक विषय दिला, तर सगळ्या वह्यांत एकच साचा. 'पाऊस पडला नाही तर' या निबंधाची सुरुवात 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे'. 'मी झाड बोलतोय' मध्ये दुसऱ्याच ओळीला 'झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात'. सोमवारी घटक चाचणी आहे. नेमकी पद्धत सांगा, वेळ फार कमी आहे.

उंबरठा
इयत्ता कोणती? माध्यम कोणतं? मराठी पहिली भाषा आहे की दुसरी? कुमारभारती आणि अक्षरभारतीच्या मुलांना एकच उत्तर लागू पडत नाही.

निवृत्त_मास्तर
एकतीस वर्षं मराठी शिकवली, अनुभवाचं सांगतो. प्रत्येक प्रकाराचा एक नमुना निबंध द्या आणि तोंडपाठ करून घ्या. सुरुवात, मध्य, शेवट, आणि मधे दोन सुविचार. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला ८० पैकी २४ गुण आहेत, त्यात लेखनकौशल्याचा प्रश्न ८ गुणांचा. पाठ असलेला मुलगा रिकामा परत येत नाही.

रानवाट
मास्तर, माफ करा, पण ही पाठांतराचीच फळं वर दिसताहेत. पावसाळ्याचा निबंध पाठ होता, प्रश्नात पाऊस दिसला, मुलांनी तो उतरवला. प्रश्न काय विचारतोय हे वाचायची त्यांना सवयच लागलेली नाही.

पाटीपेन्सिल, व्याख्या बाजूला ठेवा. एकच वस्तू घ्या आणि चार प्रश्न विचारा. समजा, एसटी स्टँड. तिथे काय दिसतं, काय ऐकू येतं? हे वर्णन. स्टँडवरचा बाक बोलायला लागला तर तो स्वतःबद्दल काय सांगेल? हे आत्मकथन. एसटी बंद झाली तर गावात काय काय होईल? ही कल्पना. मुलींना एसटीचा पास फुकट असावा का, आणि का? हा विचार. विषय तोच राहतो, प्रश्न बदलतो, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की मुलं प्रकार ओळखायला लागतात.

शाईदौत
अक्षराकडे कुणीच लक्ष देत नाही. रोज एक पान शुद्धलेखन घ्या, बॉलपेनऐवजी शाईचं पेन द्या. आणि मराठी निबंधाची परंपराही मुलांना सांगा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला हे मासिक सुरू केलं आणि सात वर्षांत ८४ अंक काढले. आपल्याकडे निबंध म्हणजे आठ गुणांचा प्रश्न कधीच नव्हता.

उंबरठा
शाईदौत, माहिती मोलाची आहे, पण त्यांना सोमवारची चाचणी गाठायची आहे. पाटीपेन्सिल, इयत्ता सांगा की.

पाटीपेन्सिल
नववी. मराठी माध्यम, कुमारभारती. रानवाट, तुमचं पटलं. पण आमची मुलं चार ओळींच्या पुढे जातच नाहीत. विषय बदलून दिला तरी तेच. आणि मी मराठीचा शिक्षक नाही, विज्ञान शिकवतो. मराठीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत, म्हणून हे तास माझ्याकडे आलेत.

रानवाट
सर, हे आधी सांगायला हवं होतं. विज्ञानात वर्गीकरण करताना आधी लक्षणं आणि मग प्राणी, असं शिकवत असाल. इथे उलट करा, आधी मुलांनी लिहिलेले चार उतारे आणि मग प्रकाराचं नाव.

कमळमाळ
व्याकरणातून शिकवा, सर्वात सोपं जातं. कल्पनाप्रधान निबंधात संकेतार्थ हवा, 'पडला नसता तर आलं नसतं'. आत्मकथनात प्रथमपुरुष. वैचारिकमध्ये 'कारण', 'म्हणून', 'तरीही'. क्रियापदांखाली रेघा मारायला सांगा, प्रकार आपोआप सापडतो.

निवृत्त_मास्तर
संकेतार्थ हा शब्द ऐकूनच नववीची अर्धी पोरं घाबरतील. शिवाय विषय 'पडला नाही तर' असा आहे, 'पडला नसता तर' असा नाही. तिथे 'येणार नाही' असा भविष्यकाळ येतो. उगाच गोंधळ नको.

कमळमाळ
दुरुस्ती मान्य. पण संज्ञा सांगू नका, वाक्य कानावर घाला, एवढंच म्हणायचं होतं. सरांनी दिलेल्या उदाहरणातच बघा. झाड बोलतंय, तर 'आपल्याला ऑक्सिजन देतात' असं ते कसं म्हणेल? झाड म्हणेल, 'मी तुम्हाला ऑक्सिजन देतो.' त्या 'आपल्याला'भोवती फक्त एक गोल करा आणि विचारा, हे कोण बोलतंय? मूल झाडातून कुठे बाहेर पडलं ते त्याला स्वतःलाच सापडेल. माझ्या वर्गात या एका गोलाने जेवढं काम केलं तेवढं दहा व्याख्यांनी केलं नाही.

न्यूजर्सीकर
मी इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची मुलं मराठी लिहायला कचरतात, म्हणून आधी फोनवर बोलणं रेकॉर्ड करतो, मग ऐकत ऐकत लिहून घेतो. तुमच्याकडे जमेल का?

पाटीपेन्सिल
ताई, वर्गात फोन चालत नाही. पण बोलण्यावरून आठवलं. काल एका मुलाने 'समुद्राकाठची संध्याकाळ' लिहिली. 'मावळत्या सूर्याची सोनेरी किरणे लाटांवर नाचत होती', शब्द न् शब्द गाईडमधला. समुद्र पाहिलास का, विचारलं तर नाही म्हणाला. मग काय पाहिलंस? तर दहा मिनिटं थांबेना. पहाटे अंधारात उसाच्या फडात जायचं, आई मोळ्या बांधते, वडील डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, हा बॅटरी धरून उभा. थंडीत पाचटाने, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांनी, हात कापतात. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशांत बहिणीला चप्पल घेतली. यातलं एक अक्षर वहीत नाही.

उंबरठा
ऊसतोडीची मुलं आहेत? सर, हेच तर पहिल्यांदा सांगायचं! किती आहेत वर्गात?

पाटीपेन्सिल
बीड जिल्हा आहे हो, आमच्याकडे हे रोजचंच, म्हणून वेगळं सांगावं असं वाटलं नाही. चाळीसपैकी सतरा. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की बरीचशी जातील, थेट उन्हाळ्यात परत. म्हणून तर घाई. चाचणी एक निमित्त आहे, या मुलांना परत शिकवायला मला वेळच मिळणार नाही.

रानवाट
मग एसटी स्टँड सोडा. कोपी घ्या. उसाच्या पाचटाची झोपडी आतून कशी दिसते, रात्री कसला आवाज येतो, हे वर्णन. कोयता बोलतोय, हे आत्मकथन. एक हंगाम कारखाना सुरूच झाला नाही तर, ही कल्पना. जी मुलं तोडीला जात नाहीत त्यांनी या सतरा जणांना प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याकडून ऐकून लिहायचं.

निवृत्त_मास्तर
मुलांना वर्गासमोर गरिबी सांगायला लावू नका, सर. माझ्या वर्गात एकदा एक मुलगी रडत बाहेर गेली होती. ज्याला सांगायचं त्यानेच सांगावं. मात्र त्या मुलाला समुद्र सोडून फडावरची पहाट लिहायला सांगा, हे मी पाठांतरवाला असूनही म्हणतो.

रानवाट
मास्तर, हे बरोबर आहे. विषय दोन ठेवा, कोपी किंवा आपलं घर. निवड मुलाची.

पाटीपेन्सिल
आज दुसरा तास झाला. दोन विषय दिले, सक्ती केली नाही. सतरापैकी नऊ जणांनी कोपी घेतली. त्या मुलाने दीड पान लिहिलं. एक वाक्य देतो, जसंच्या तसं: 'कोपीत झोपल्यावर वर पाचट वाजतं, मला वाटतं पाऊस आला, पण ते वारं आसतं.' कमळमाळ, तुमचा गोल झाडाच्या निबंधात वापरला, सहा जणांनी स्वतः खोडून 'तुम्हाला' केलं. आता अडचण अशी की 'आसतं'साठी गुण कापू का? आणि 'कोपी', 'वाढे' हे शब्द तपासणाऱ्याला कळतील का?

शाईदौत
'आसतं' खाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी 'असतं' लिहा, लाल शाई नको. 'कोपी'ला हात लावू नका. त्याला दुसरा शब्दच नाही.

कमळमाळ
पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्धं वाक्य जोडायला शिकवा, 'कोपी म्हणजे पाचटाची आमची झोपडी'. वाचणाऱ्याची सोय झाली आणि मुलाचा शब्दही राहिला.

पाटीपेन्सिल
उद्या वैचारिक घेतोय. इथेच सगळ्यात जास्त अडतं, मुलं 'मोबाईल शाप की वरदान' सोडून काही लिहीत नाहीत. विषय सुचवा.

उंबरठा
'आईवडील तोडीला गेल्यावर मुलांनी हंगामी वसतिगृहात राहावं की त्यांच्यासोबत जावं?' न जाणाऱ्या मुलांनाही यावर मत असेल, गल्लीतली मित्रमंडळी दर वर्षी जाताना ते बघतात. फळ्याच्या एका बाजूला 'राहावं, कारण', दुसऱ्या बाजूला 'जावं, कारण'. दोन्हीकडे तीन-तीन कारणं मुलांकडूनच घ्या, मग वह्या उघडा.

निवृत्त_मास्तर
आणि सर, तुमचं मत आधी सांगू नका. नाहीतर चाळीस वह्यांत तेच येईल.

पाटीपेन्सिल
नाही सांगत. तिसरा तास उद्या साडेअकराला आहे, दुपारी लिहितो.