मदत हवी आहे : समुद्रतळावरचा लाव्हा मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी नववीला भूगोल शिकवते. ज्वालामुखीच्या धड्यात यंदा अ‍ॅक्सियल सीमाउंटबद्दल सांगायचं ठरवलंय. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर आत, जवळजवळ दीड किलोमीटर पाण्याखाली हा ज्वालामुखी आहे. १९९८, २०११ आणि २०१५ मध्ये त्याचा उद्रेक झाला. आत शिलारस साठला की तळ हळूहळू फुगतो, उद्रेक झाला की खाली बसतो, आणि हे तिथे ठेवलेली दाबमापक यंत्रं टिपतात. मला तर हे वाचून झोपच लागेना!

अडचण पुढची आहे. "एवढ्या तापलेल्या लाव्ह्यावर पाणी पडलं की स्फोट का होत नाही?" असं एका मुलीने विचारलं. तिथे दीडशे वातावरणांइतका दाब असतो, त्यामुळे वाफेला फुगायला वावच मिळत नाही, एवढं मी सांगितलं. पण लाव्हा सावकाश आला तर उशांसारखे गोळे होतात आणि जोरात आला तर सपाट थर पसरतो, हे फळ्यावर पटत नाही. वितळलेलं मेण थंड पाण्यात सोडून कुणी हा प्रयोग केलाय का? पाणी किती थंड हवं? मुलांच्या हाताला भाजणार नाही अशी रीत हवी.

आणखी एक. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट बहुतेक जमिनीवरच थिजलेला. खऱ्या उशा कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला आहेत. तिथे कुणी मुलांची सहल नेली असेल तर जवळून काढलेले फोटो द्याल का? माणूस शेजारी उभा असलेले असतील तर फारच बरं, आकार लगेच कळतो.