भाजीच्या वाफ्याजवळच्या कुंपणाला क्रिओसोट लावावं का?

स्नेहल_सुदामानगर
नमस्कार. इंदूरला सुदामा नगरात घरामागे नीलगिरीच्या बल्ल्यांचं कुंपण घालायचंय. आत मेथी, पालक, टोमॅटो. शिवाय नात दिवसभर तिथेच खेळते. सुतार म्हणतो, रेल्वेच्या स्लीपरला असतं ते काळं तेल, क्रिओसोट, मारा. वाळवी फिरकणार नाही. भंगारवाल्याकडून जुने स्लीपरही आणलेत, वाफ्याच्या कडेला लावायला. पावसाआधी काम उरकायचंय. काय करू?

मालवा_माळी
आमच्याकडे सगळे जळकं ऑइल मारतात. गॅरेजवाला फुकट देतो. क्रिओसोटच्या भानगडीत कशाला पडता?

वखारवाले_काका
ताई, दोन्ही नको. आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

क्रिओसोट दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं. त्यात बेंझोपायरीनसारखी कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. युरोपात २००३ पासून घरगुती वापराला त्याची विक्रीच बंद आहे. स्लीपरमध्ये ते कारखान्यात दाबाखाली खोलवर भरतात, ब्रशने तेवढं आत जात नाही. वरच राहतं आणि हाताला लागतं. एप्रिलच्या दुपारी जुना स्लीपर नीट बघा: भेगांतून काळे, चिकट थेंब वर येतात, डांबराचा उग्र वास सुटतो. तो हात लावून उन्हात फिरलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. नातीच्या हाताशी आणि मेथीच्या मुळाशी हे नकोच.

जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले जड धातू असतात. पहिल्या पावसात ते थेट वाफ्यात उतरतं, आणि लाकूड फारसं टिकतही नाही.

कुणी हिरवट रंगाचं, सीसीए (तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं रसायन) मारलेलं लाकूड देईल. ही पद्धत आपल्याच देशातली, सोन्ती कामेसन यांनी १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलेली. काम उत्तम करते, पण त्यात आर्सेनिक आहे. भाजीपाशी तेही नको.

आता मुख्य गोष्ट. बल्ली कुजते ती जमिनीला लागून, वीतभर पट्ट्यात, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून लाकूड मातीत गाडूच नका. लोखंडी अँगलचे खुंट काँक्रीटमध्ये रोवा आणि बल्ली मातीपासून दोन-तीन इंच वर ठेवून बोल्टने कसा. निम्मी लढाई इथेच जिंकली.

बल्ली सोललेली घ्या, सालीखाली किडे राहतात. आणि वाळलेली हवी: दोन तुकडे एकमेकांवर आपटा, ओल्याचा आवाज बद्द येतो, वाळलेल्याचा खणखणीत. बाजारात मिळणाऱ्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या भरवशावर बाहेरचं लाकूड सोडू नका, पावसात ते धुऊन जातं. त्यापेक्षा जवसाचं उकळलेलं तेल पातळ हातांनी मुरवा. कापलेली टोकं मात्र तेलात उभी करून ठेवा, पाणी तिथूनच आत शिरतं. तेलाचं फडकं गुंडाळून टाकू नका, आपोआप पेट घेतं; पसरून वाळवा.

स्नेहल_सुदामानगर
काका, सविस्तर सांगितलंत, खूप आभार. अँगल आजच बघते. पण वरचं तेल किती टिकेल? आणि त्या स्लीपरचं काय?

वखारवाले_काका
तेल दरवर्षी, उन्हाळ्यात, पावसाच्या आधी एकदा फिरवावं लागेल. ते काम तुमच्या हाताचं आहे, सुताराचं नाही. स्लीपर भंगारवाल्याला परत द्या. घेत नसेल तर अंगणाबाहेर ठेवा, पण करवतू नका, तो भुसा नाकातोंडात जातो. आणि होळीत किंवा बंबात तर अजिबात घालू नका, कितीही सुकलेले दिसले तरी.

मालवा_माळी
आमच्या तुळशीशेजारच्या कुंपणालाही ऑइलच मारलंय. या उन्हाळ्यात तिथली माती वीतभर काढून टाकतो.