मदत हवी आहे: रॅम, बॅटरी बदलता येईल असा लॅपटॉप (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिलं, जीएसटी, टॅली सगळं एकाच लॅपटॉपवर, २०२१ साली घेतलेल्या. मे महिन्यात त्याचा टचपॅड दाबला जाईना. सुताची रुई अडकली असेल म्हणून मी आपला फुंकर मारत बसलो. मग तो टेबलावर डुगडुगायला लागला. उलटा करून बघतो तर खालचं झाकण फुगलेलं. बॅटरीच फुगून टचपॅडला आतून रेटत होती.

नव्या पेठेतल्या कारागिराने बॅटरी काढून दिली, पण त्या मॉडेलची नवी काही मिळेना. तेव्हापासून चार्जरवरच चालवतोय; लाइट गेली की बिल अर्धवट. निदान रॅम वाढवू म्हटलं, तर तो म्हणाला, "साहेब, बोर्डालाच सोल्डर आहे. ८ जीबी म्हणजे ८ जीबीच." आमच्याकडे वडिलांनी घेतलेले माग अजून चालतात की ओ. पिकर झिजला, बदलला. धोटा फुटला, बदलला.

बजेट ३० हजार. फ्रेमवर्क कंपनीचा लॅपटॉप हवा तसाच आहे, जवळजवळ प्रत्येक भाग सुटा निघतो, पण परदेशातून मागवणं खिशाला झेपणार नाही. म्हणून लेनोवोचा जुना थिंकपॅड टी४८० घ्यावा म्हणतोय. रॅमचे दोन स्लॉट, मागची बॅटरी चालू मशीनवर बदलता येते, उघडायची पुस्तिका कंपनीनेच नेटवर ठेवलीय. आठव्या पिढीचा प्रोसेसर असला की विंडोज ११ पण चालतं; विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला.

कुणी हा रोजच्या कामाला वापरतंय का? त्याच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या प्रतीच्या कुठे मिळतात? पुण्याहून मागवायची तयारी आहे.

नवाच घ्यायचा झाला तर घेण्याआधी रॅमचा स्लॉट आहे की नाही कसं ओळखायचं? रॅमचा प्रकार एलपीडीडीआर लिहिला असेल तर ती सहसा सोल्डर, एवढं कळलंय. पण नुसतं डीडीआर४ लिहिलेल्यातही सोल्डर निघते, आणि दुकानदार "होतं की अपग्रेड" म्हणून मोकळा.

अजून एक, आणि हे जरा घाईचं आहे. ती फुगलेली बॅटरी पत्र्याच्या डब्यात वाळू घालून कारखान्याबाहेर ठेवलीय, आत सगळीकडे सूत आहे म्हणून. घंटागाडीत टाकायची नाही, हे माहीत आहे. सोलापुरात ती रीतसर घेणारं कुणी आहे का?