व्हिएन्नात सहा दिवस: हात कुठे आखडावा आणि कुठे सैल सोडावा?

तिलकनगर (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस मी, पत्नी आणि आमची सतरा वर्षांची मुलगी असे तिघे सहा दिवसांसाठी व्हिएन्नाला जाण्याचे ठरवत आहोत. आम्ही दोघेही शिक्षक आहोत. शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा सक्तीचा प्रवास विमा आणि विमानाची तिकिटे एवढ्यातच शिलकीचा मोठा भाग संपला आहे. येथील एका प्रवासी एजंटने पर्यटक बस, जुन्या काळच्या वेशातील वादकांची संगीत मैफल आणि रोज हॉटेलातील जेवण धरून जे अंदाजपत्रक दिले, ते पाहून बेतच रद्द करावा असे वाटू लागले आहे. मुलगी व्हायोलिन शिकते, त्यामुळे ऑपेरा पाहण्याची तिची फार इच्छा आहे. आम्ही शाकाहारी आहोत. तेथे राहिलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

रामबागची यांचे उत्तर

मी मूळची इंदूरची असून शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने सात वर्षे व्हिएन्नात राहिले. आपल्या अंदाजपत्रकातील तिन्ही गोष्टी निःशंकपणे काढून टाकाव्यात, कारण व्हिएन्नाचा माणूस स्वतः त्यांपैकी एकही करत नाही.

प्रथम ऑपेराविषयी लिहिते. स्टाट्सओपर या तेथील सरकारी ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याच्या शेकडो जागा असतात आणि त्यांची तिकिटे त्याच दिवशी, एखाद्या साध्या जेवणाच्या किमतीत मिळतात. माझ्या वेळी खेळाच्या ८० मिनिटे आधी खिडकी उघडत असे. आता ही तिकिटे ऑनलाइनही मिळतात. यातली तळमजल्यावरची जागा सभागृहाच्या बरोबर मध्यभागी, समोर रंगमंच दिसेल अशी आहे, आणि तिच्या पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी आपल्या कितीतरी पट पैसे मोजलेले असतात. आत गेल्यावर कठड्याला स्कार्फ बांधायचा, की ती जागा आपली झाली. मग खुशाल बाहेर फिरून यावे. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात हयात गेलेल्या आपल्या लोकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या दिवशी मला ही रीत ठाऊक नव्हती, स्कार्फही जवळ नव्हता, तेव्हा मी गळ्यातला महेश्वरी दुपट्टा कठड्याला बांधला. शेजारच्या आजोबांनी गाठ सैल असल्याचे खुणेने दाखवले आणि स्वतः ती नीट आवळून दिली. कठड्यावर प्रत्येकासमोर लहानसा पडदा असतो, त्यावर गाण्याचे शब्द इंग्रजीतही वाचता येतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, त्यामुळे आपण मे महिना निवडला हे फार चांगले झाले.

राहण्यासाठी रिंग या शहराच्या जुन्या गाभ्याभोवतीच्या रस्त्याच्या आतले हॉटेल शोधू नये. ओटाक्रिंग किंवा फावोरिटेनसारख्या वस्तीत उ-बानच्या (मेट्रोच्या) स्थानकापासून पाच मिनिटांवर स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी; शहराच्या मध्यभागी पोहोचायला पाव तास पुरतो. ओटाक्रिंगमध्ये ब्रुननमार्क्ट नावाचा रस्त्यावरचा बाजार भरतो. तेथे तुर्की आणि बाल्कन विक्रेत्यांकडे भाज्या, ऑलिव्ह आणि तिळाची रोटी नाशमार्क्ट या प्रसिद्ध बाजारापेक्षा बऱ्याच कमी दरात मिळते. मात्र एक लक्षात ठेवावे. रात्री अकरानंतर इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला निघणाऱ्या आपल्या मंडळींची तेथे फार पंचाईत होते: किराणा दुकाने शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. रविवारी फक्त हाउप्टबानहोफसारख्या मोठ्या स्थानकांतली दुकाने उघडी असतात आणि तेथे रांगा लागतात.

पाणी विकत घेऊ नये. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते; व्हिएन्नाला मात्र १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी केवळ उताराच्या बळावर येते. ते नळाचे पाणी थंड आणि गोड असते. रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे कारंजे आहेत, तेथे बाटली भरून घ्यावी. कॉफीगृहात कॉफीबरोबर पाण्याचा पेला आपोआप येतो, आणि एका कॉफीवर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही.

शाकाहाराबाबत थोडे सावध राहावे. फ्रिटाटेनसुपे या सूपमध्ये धिरड्याच्या कातरलेल्या पट्ट्या असतात आणि ते अगदी निरुपद्रवी दिसते, पण त्याचा रस्सा गोमांसाचा असतो. बटाट्याच्या सूपमध्येही बेकन असू शकते. केझश्पेट्झले (चीज घातलेल्या जाड शेवया), पालकाचे क्न्योडल (उकडलेले गोळे) आणि काइझरश्मारन (गोड धिरड्याचे तुकडे) हे पदार्थ बहुधा चालतात, तरी प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. बाहेर जेवायचेच असेल तर आठवड्याच्या दिवशी दुपारी जेवावे, कारण त्या वेळी ‘मिटाग्समेन्यू’ म्हणजे दुपारचे ठरावीक जेवण संध्याकाळच्या मानाने खूप स्वस्त असतो.

जुनी छावणी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण तीन तास उभे राहणे हे गुडघ्यांचे काम आहे. मुलीने अवश्य उभे राहावे. आई-वडिलांसाठी दुसरा मार्ग असा की मे आणि जूनमध्ये अनेक संध्याकाळी आतला खेळ इमारतीच्या बाजूच्या चौकात मोठ्या पडद्यावर विनामूल्य दाखवतात आणि तेथे खुर्च्याही मांडलेल्या असतात. आपल्या तारखांचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

माझा स्वतःचा धडा प्रवासाबद्दलचा आहे. व्हिएन्नाच्या उ-बानला तिकीट तपासणारी प्रवेशद्वारे नसतात, त्यामुळे कागदी तिकीट प्रवेशाजवळच्या निळ्या पेटीत घालून त्यावर शिक्का मारून घेणे ही आपली जबाबदारी असते. मी तिकीट विकत घेतले, जपून पाकिटात ठेवले आणि शिक्का न मारताच गाडीत बसलो. साध्या कपड्यांतल्या तपासनीसाने अत्यंत नम्रपणे शंभर युरोंहून अधिक दंड वसूल केला, आणि एवढ्या मेहनतीने वाचवलेले पैसे एका स्थानकात गेले. दिवसातून चार-पाच वेळा गाडीत बसणार असाल तर चोवीस तासांचे किंवा आठवड्याचे तिकीट घ्यावे. संग्रहालयांच्या सवलतींची जोड असलेले पर्यटक कार्ड आपल्याला परवडेल असे मला वाटत नाही, कारण १९ वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय संग्रहालयांत मुळातच प्रवेश विनामूल्य आहे. मुलीचे पारपत्र तेवढे जवळ ठेवावे. विमानतळ शहराच्या भाडेक्षेत्राबाहेर आहे. खास जाहिरात होणाऱ्या जलद गाडीऐवजी रेल्वेच्या नेहमीच्या भाड्यात रेलजेट या गाडीने हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकाला सुमारे पंधरा मिनिटांत पोहोचता येते.

पर्यटक बसऐवजी १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम घ्याव्यात. ऑपेराजवळ एकदा गाडी बदलली की संसद, नगरभवन आणि विद्यापीठ यांसह जवळजवळ सगळी रिंग त्याच तिकिटात पाहून होते. ७१ क्रमांकाची ट्राम झेंट्रालफ्रीडहोफ या विस्तीर्ण दफनभूमीपर्यंत जाते. तेथे बेटहोव्हन, शुबर्ट, ब्राम्स आणि योहान स्ट्राउस यांच्या कबरी काही पावलांच्या अंतरात आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला तेथे न नेणे योग्य होणार नाही. (एखादा माणूस वारला की ‘त्याने ७१ पकडली’ असे व्हिएन्नाचे लोक म्हणतात.) शोनब्रुनच्या राजवाड्यात तिकीट आहे, बागेत नाही, बागेतून ग्लोरिएटच्या टेकडीवर चढून शहर पाहावे.

तिलकनगर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. एजंटला आजच नकार कळवला. मुलीबरोबर मीही उभा राहणार आहे. दिवसभर फिरून थेट ऑपेराला गेलो तर पाठीवरची पिशवी आत नेता येईल का?

रामबागची

नाही. कोट, छत्री आणि पाठीवरची पिशवी क्लोकरूममध्ये ठेवावी लागते, म्हणून पारपत्रे आणि पैसे लहान पर्समध्ये वेगळे काढून घ्यावेत. कपड्यांचे फार दडपण घेऊ नये. उभ्याच्या जागेत स्वच्छ, साधा पोशाख पुरतो. जोडे मात्र मऊ तळव्यांचे असावेत, आणि मध्यंतरात पायऱ्यांवर जागा मिळाली तर बसून घ्यावे, बहुतेक सगळे तेच करतात.