स्वोर्डक्वेस्ट: चौथा अंक आलाच नाही

गेमच्या खोक्यातली कॉमिक्स म्हणजे निव्वळ जाहिरात, असं अनेकांना वाटतं, पण ते अटारी २६०० या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रावरच्या स्वोर्डक्वेस्ट या चार गेमच्या मालिकेला तरी लागू होत नाही. तिथे कॉमिकशिवाय कोडं सुटतच नव्हतं. योग्य खोलीत योग्य वस्तू ठेवल्या की पडद्यावर दोन आकडे यायचे, एक पानाचा, दुसरा चौकटीचा. मग कॉमिक उघडून त्या चौकटीच्या चित्रात दडवलेला शब्द हुडकायचा. त्यातही मेख होतीच: पहिल्या 'अर्थवर्ल्ड'मध्ये (१९८२) मूळ संख्येच्या पानांवरचेच शब्द खरे, बाकीचे चकवे! चित्रं जॉर्ज पेरेझची, त्यामुळे शब्द राहायचा बाजूला आणि माणूस पानच बघत बसायचा.

'वॉटरवर्ल्ड' तर चक्क आपल्या सात चक्रांवर बेतलेला. चौथा 'एअरवर्ल्ड' ई-चिंग या भविष्य सांगणाऱ्या प्राचीन चिनी ग्रंथावर होणार होता, पण १९८४ मध्ये उद्योजक जॅक ट्रॅमिएलने अटारीचा घरगुती गेम-संगणकांचा धंदा विकत घेतला आणि सगळंच बारगळलं. कोडी सोडवण्याच्या स्पर्धेचं बक्षीस असलेली ५०,००० डॉलरची तलवार कुणालाच मिळाली नाही, कॉमिकमधल्या टॉर-टारा या जुळ्यांची गोष्टही लटकली. 'अटारी ५०' संग्रहात (२०२२) नव्याने रचलेला एअरवर्ल्ड आहे खरा, पण पेरेझचा चौथा अंक नाही तो नाहीच.